मृत्यूरूपी वर आणि ‘नववधू’ची द्विधा

भा. रा. तांबे यांची ‘नववधू’ या नावाने परिचित असलेली कविता पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत गेली अनेक दशके शिकवली जात आहे. ती शिकवण्याची रीतही ठरून गेली आहे. कवितेतील वधू म्हणजे जीव, तिचा सखा म्हणजे परमात्मा अथवा मृत्यू, माहेर म्हणजे इहलोक आणि सासर म्हणजे परलोक, अशी चौकट फळ्यावर मांडली की अध्यापकाचे काम बव्हंशी संपते. या चौकटीला चूक म्हणता येणार नाही. कवितेनेच तिला आधार पुरवलेला आहे. तथापि वर्गातील विद्यार्थिनी ही कविता प्रथम वाचतात ती सासरी निघालेल्या मुलीची कविता म्हणून, आणि आपण अध्यापक तो अर्थ ‘वरवरचा’ ठरवून बाजूला सारतो. हा पहिला अर्थ खरोखरच वरवरचा आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर एकट्या तांब्यांच्या कवितेत सापडणार नाही. तरुण स्त्री आणि तिला न्यायला आलेला देहधारी मृत्यू, यांच्यातील प्रणयाचा आदिबंध भारतीय आणि युरोपीय साहित्यात पुनःपुन्हा प्रकटला आहे. त्याच्या निरनिराळ्या रूपांत कोण बोलते, कोण बोलावते आणि कोण थबकते हे पाहिल्याशिवाय ‘नववधू’चे वेगळेपण ध्यानात येत नाही.

आरंभी एक व्याकरणिक बाब नोंदवली पाहिजे. मराठीत ‘मरण’ नपुंसकलिंगी आहे, तर ‘मृत्यू’ पुल्लिंगी. मरण येते, ओढवते, पत्करले जाते. परंतु दारात येऊन उभा राहू शकतो तो मृत्यूच. जर्मन भाषेतही मृत्यू पुल्लिंगी असल्याने तेथे तो वर, शिपाई किंवा घोडेस्वार सहज होतो. फ्रेंचमध्ये तो स्त्रीलिंगी आहे. अर्थात लिंगव्यवस्थेने सारे ठरते असे नव्हे. संस्कृतात ‘मृत्यु’ सामान्यतः पुल्लिंगी असूनही महाभारताच्या शांतिपर्वात ब्रह्मदेवाने निर्माण केलेला मृत्यू एक सावळी तरुणी आहे. प्राण्यांचा संहार करण्याची आज्ञा होताच ती रडू लागते, ते काम टाळण्यासाठी प्रदीर्घ तप करते, आणि अखेर तिचे अश्रूच व्याधी होऊन जगात पसरतात. मारण्यास नकार देणारी ही तरुणी आपल्या काव्यपरंपरेत जवळजवळ विस्मृतीत गेली. टिकला तो पुरुषरूपी मृत्यू.

२

युरोपीय परंपरेचा येथे धावता आढावा पुरेसा आहे. चौदाव्या शतकातील महामारीनंतर तेथे मृत्यूच्या नृत्याची चित्रे रूढ झाली. त्यांत सांगाडा राजाला, धर्मगुरूला, शेतकऱ्याला, सर्वांनाच आपल्या फेरात ओढून नेतो. सोळाव्या शतकाच्या आरंभी त्या फेरातून एकच जोडी वेगळी काढली गेली, ती मृत्यू आणि कुमारिका यांची. हान्स बाल्डुंग याचे १५१७ मधील चित्र बाझेलच्या संग्रहालयात आहे. त्यात मृत्यूने तरुणीला केसांनी धरले आहे. तिचे हात विनवणीत जोडलेले आहेत. प्रेमिकाच्या जवळिकीचे हे विडंबन आहे आणि त्याचा हेतू नीतिबोधाचा आहे. ब्युर्गर याने १७७३ मध्ये लिहिलेल्या ‘लेनोरे’ या कथाकाव्यात युद्धावरून न परतलेला प्रियकर मध्यरात्री घोड्यावरून येतो आणि वाग्दत्त वधूला विवाहशय्येकडे म्हणून स्मशानाकडे नेतो; तेथे त्याचे मांस गळून सांगाडा उरतो. प्रियकराचा वेष घेतलेला मृत्यू येथे फसवणूक करतो.

याहून महत्त्वाची रचना क्लाउडियुस याची. १७७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या छोट्या कवितेत दोनच कडवी आहेत. पहिल्यात मुलगी मृत्यूला दूर जाण्यास सांगते, आपण अजून तरुण असल्याचे विनवते. दुसऱ्यात मृत्यू तिला धीर देतो, आपण मित्र आहोत आणि तिला आपल्या बाहूंत निवांत झोप लागेल असे सांगतो. मृत्यू बोलल्यानंतर मुलगी काय म्हणाली, याला कवितेत जागाच नाही. तिला एक कडवे मिळते, तेही पहिले. शूबर्टने १८१७ मध्ये या कवितेला स्वर दिले तेव्हा मुलीचा भाग धापा टाकणारा आणि मृत्यूचा भाग जवळजवळ एकाच स्वरावर स्थिरावलेला, अतिमंद असा बांधला. पुढे १८२४ मध्ये त्याने याच नावाने प्रसिद्ध पावलेली तंतुवाद्यचतुष्टयाची रचना केली. तिच्या दुसऱ्या भागातील स्वरविस्तार उभा आहे तो या गीतातील मृत्यूच्या संगीतावर. मुलीचा अस्वस्थ सूर तेथे आधाराला घेतलेला नाही. कलाकृती म्हणून ही रचना थोर आहे याबद्दल वाद नाही. परंतु मुलीचा आवाज टप्प्याटप्प्याने कसा मावळत जातो, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच आढळेल.

३

भारतीय परंपरेत तरुणी आणि मृत्यू यांची सर्वांत विख्यात भेट वनपर्वातील सावित्री-आख्यानात घडते. महाराष्ट्रात हे आख्यान वटपौर्णिमेच्या व्रतामुळे घरोघरी पोहोचले, आणि व्रतामुळेच त्याचा अर्थ आकसलाही. व्रतकथेची सावित्री म्हणजे पतीला परत मिळवणारी पतिव्रता; मूळ आख्यानातील सावित्री ही त्याखेरीज वादपटू, चतुर आणि भाषेवर हुकमत असलेली स्त्री आहे.

प्रसंगाची मांडणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. अरण्यात सत्यवानाचे मस्तक मांडीवर घेऊन ती बसली असता एक पुरुष समोर येतो. तो सावळा, तेजस्वी, तांबड्या वस्त्रांचा, तांबड्या डोळ्यांचा आहे; हातात पाश आहे. तो भयंकर आहे, पण कुरूप नाही. सत्यवानाच्या योग्यतेमुळे दूतांना न पाठवता तो स्वतः आलेला आहे. अंगुष्ठमात्र पुरुष पाशात बांधून तो दक्षिणेकडे निघतो आणि सावित्री त्याच्या मागोमाग चालू लागते. यानंतरचा भाग, रसाच्या दृष्टीने नव्हे तरी घाटाच्या दृष्टीने, प्रणयकथेचा आहे. रान आहे, एक तरुण स्त्री आणि एक परपुरुष बरोबर चालत आहेत, ती बोलते, तो ऐकतो, प्रसन्न होतो आणि भेटी देत जातो. तिच्या बोलण्यातील स्वर, अक्षरे, व्यंजने आणि युक्तिवाद यांची तो स्तुती करतो. मृत्यूने एखाद्या स्त्रीच्या रूपाची नव्हे, तर वाक्यरचनेची वाखाणणी करावी, हे विश्वसाहित्यातही विरळाच. सासऱ्याची दृष्टी, त्याचे राज्य, पित्याला शंभर पुत्र, स्वतःला सत्यवानापासून शंभर पुत्र, असे वर मिळवत ती पाचव्या वराला सत्यवानाच्या प्राणांपर्यंत येते. चौथ्या वरातच पाचवा अटळ झालेला असतो, हे यमाच्या उशिरा ध्यानात येते.

या संवादाच्या आरंभी सावित्री जे विधान करते त्याकडे समीक्षकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. सात पावले बरोबर चालल्याने मैत्री होते असे जाणते सांगतात, तेव्हा त्या मैत्रीच्या नात्याने मी बोलते, असे ती म्हणते. सात पावले ही विवाहातील सप्तपदीही आहे, आणि सप्तपदीच्या सातव्या पावलावर वर वधूला सखी म्हणून संबोधतो. म्हणजे सावित्री मृत्यूबरोबर चालते ती पावले विवाहविधीशी उघडउघड समांतर आहेत. परंतु त्या पावलांतून कोणते नाते निष्पन्न व्हावे हे ठरवते ती सावित्री. तिने सख्य निवडले आणि दाम्पत्य बाजूला ठेवले. मृत्यूशी नाते जोडण्याचा अधिकार, आणि त्या नात्याचे नाव ठरवण्याचा अधिकार, येथे स्त्रीच्या हाती आहे. युरोपीय चित्रांत केसांनी ओढली जाणारी कुमारिका आणि यमाच्या मागे आपल्या पायांनी चालत जाणारी सावित्री यांतील अंतर केवळ दोन संस्कृतींतील नव्हे. ते दोन व्याकरणांतील आहे, एकीत स्त्री कर्म आहे आणि दुसरीत कर्ता.

४

आधुनिक भारतीय कवितेत मृत्यूला प्रियकर केले ते प्रामुख्याने रवींद्रनाथांनी. सोळा-सतरा वर्षांचे असताना त्यांनी ‘भानुसिंह’ या कल्पित मध्ययुगीन कवीच्या नावाने ब्रजबुलीत पदे रचावयास आरंभ केला. ती ‘भानुसिंह ठाकुरेर पदावली’ म्हणून १८८४ मध्ये ग्रंथरूप झाली. तीतील ‘मरण’ या पदात विरहिणी राधा मृत्यूला श्यामाच्या बरोबरीचा ठरवते. दोघेही मेघवर्ण, कृष्णाने टाकले तरी मृत्यू टाकणार नाही, ही तिची श्रद्धा. वैष्णव पदावलीतील अभिसाराचा सारा साज येथे मृत्यूकडे वळवलेला आहे. मात्र पदाच्या शेवटी, परंपरेप्रमाणे भणितेत, भानुसिंह स्वतः पुढे येतो, राधेला चंचल म्हणून दटावतो, आणि माधव मृत्यूहून श्रेष्ठ आहे हे विचार करून पाहण्यास सांगतो. तरुण कवीने स्त्रीच्या मुखातून मृत्यूचे आकर्षण बोलून घेतले आणि पुरुषाच्या मुखातून ते फेटाळले. दोन्ही आवाज त्याचेच. राधेच्या बोलण्याची मोहिनी मात्र भणितेच्या दटावणीने उतरत नाही, हे वाचकाला जाणवतेच.

या संग्रहाची अर्पणपत्रिका वाचताना हे पद निराळ्याच प्रकाशात दिसते. ही पदे छापण्याचा आग्रह जिने वारंवार धरला होता तिला ती अर्पण केलेली आहेत. आता छापली, पण पाहण्यास ती नाही, असा तीतील भाव आहे. कवीच्या वहिनी कादंबरीदेवी यांनी १८८४ च्या एप्रिलमध्ये, पंचविशीच्या आतच, आत्महत्या केली होती. ‘मरण’ हे पद त्यापूर्वीचे. त्याचा आणि त्या मृत्यूचा कार्यकारणसंबंध जोडणे हा चरित्रात्मक समीक्षेचा उथळपणा ठरेल. परंतु एवढे तरी म्हणावे लागते की, तरुण स्त्रीने मृत्यूला प्रियकर मानणे ही कवितेतील कल्पना ज्या घरात लिहिली गेली, त्याच घरातील एका तरुण स्त्रीचा मृत्यू सुंदर नव्हता, आणि रवींद्रनाथ आयुष्यभर ते विसरले नाहीत. पुढील ‘मरणमिलन’ या कवितेत मृत्यू गौरीला वरण्यास वाजतगाजत येणाऱ्या शिवाच्या रूपात दिसतो, आणि १९१२ च्या इंग्रजी गीतांजलीत तर फुलांची माळ वरासाठी गुंफून तयार आहे, विवाहानंतर वधू घर सोडून रात्रीच्या एकांतात स्वामीला भेटेल, अशी सरळ योजना आहे. तेथे वधू थबकत नाही. तिची सिद्धता पूर्ण झालेली आहे.

५

तांबे यांच्या ‘नववधू’कडे या पार्श्वभूमीवर पाहावयाचे आहे. मध्य भारतातील संस्थानी वातावरणात आयुष्य घालवलेल्या आणि ग्वाल्हेरचे राजकवी म्हणून मान पावलेल्या या कवीवरील रवींद्रनाथांच्या प्रभावाची चर्चा मराठी समीक्षेत पुष्कळ झाली आहे. प्रभाव मान्य करूनही असे दिसते की, रवींद्रनाथांच्या वधूने जो टप्पा ओलांडला आहे त्याच्या अलीकडे तांब्यांची वधू उभी आहे. आणि कविता आहे ती त्या उभे राहण्याची.

प्रथम ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, या कवितेत मृत्यू हा शब्द कोठेही येत नाही. वधू आपल्या सख्याला संबोधून बोलते. तो प्राणांचा सखा आहे, त्याच्यावाचून संसार व्यर्थ आहे, हे तिला कळते. परंतु जवळ जाताना मन गांगरते. येथील मळ्याबागेचा लळा लागला आहे, सासरी निघताना गळा दाटतो. बंधन तोडून धावत त्याच्याकडे जावे असेही वाटते, पण ऊर भरून येतो. त्याचे चित्र उराशी धरून ती हारतुरे घालते, छायेवर समाधान मानते; प्रत्यक्ष तो बोलावतो तेव्हा थरथरते. अखेरीस भय आणि लाज त्यानेच हरावी, धीर देऊन न्यावे, असे ती विनवते. डोळे भरले तरी ते पळभरच, खरे घर तेच, अशी स्वतःची समजूत घालते. नाट्यगीत हा तांब्यांचा आवडता रचनाप्रकार. एका व्यक्तीचे एका क्षणीचे बोलणे, आणि त्या बोलण्यातून समोरच्या मूक व्यक्तीचे सूचन, ही त्याची रीत. क्लाउडियुसच्या कवितेत अखेर मृत्यू बोलतो आणि मुलगी गप्प होते. येथे मुलगीच बोलत राहते आणि समोरचा अवाक्षर काढत नाही. त्याने तिला न्यावे ही विनंती आहे, पण तो तिला घेऊन निघाल्याचे कवितेत नाही.

चित्राला हार घालण्याचा उल्लेख विशेष विचार करण्यासारखा आहे. मराठी घरात हार घातलेले चित्र एक तर देवाचे असते, नाही तर गेलेल्या माणसाचे. सख्याच्या चित्राला वधूने हार घातला की तो या दोन्ही कोटींत एकदमच जातो. मृत्यूचे नाव न घेता त्याचा वास कवितेत आणण्याचे हे कौशल्य आहे, मग ते जाणीवपूर्वक असो वा नसो. प्रतिमेवर प्रेम करणे सोपे, ज्याची प्रतिमा त्याला सामोरे जाणे अवघड, ही मानवी मनाची रीतही याच कडव्यात अचूक पकडली गेली आहे. मृत्यूविषयी सुंदर कविता लिहिणाऱ्या सर्वच कवींना लागू पडावे असे हे कडवे आहे!

आता सासर-माहेर या रूपकाकडे वळू. वारकरी संतांच्या वाणीत या रूपकाची दिशा नेमकी उलटी आहे. तेथे पंढरी माहेर आहे, विठ्ठल मायबाप आहे, आणि संसार हे सासर. सासरी जाणारी लेक मागे वळून पाहते तसे माझ्या जीवाचे झाले आहे, असे तुकोबा म्हणतात तेव्हा वळलेली नजर देवाकडे आहे. पुढे आहे ते सासर, म्हणजे दुरावा. तांब्यांनी दिशा बदलली. त्यांच्या कवितेत मागे आहे ते माहेर म्हणजे हे जग, आणि पुढे आहे ते सासर म्हणजे अंतिम सत्य. संतांना देवाकडे जाताना भय वाटण्याचे कारण नव्हते, माहेरी जाताना कोण घाबरते? तांब्यांनी परमार्थाला सासर केले आणि त्याबरोबर आधुनिक मनाची भीतीही रूपकात आणली. मृत्यूनंतरच्या घराविषयी खात्री नाही, ते खरे घर असल्याचे ऐकून माहीत आहे, सगळे तसे सांगतात. नववधूलाही सासरविषयी एवढेच ठाऊक असते. रूपकाची ही योग्यता विलक्षण आहे.

परंतु ही योग्यता कोठून आली? येथे वर्गातील ‘पहिल्या अर्था’कडे परतावे लागते. तांब्यांच्या बालपणी आणि तारुण्यात नववधू म्हणजे आठ-दहा-बारा वर्षांची मुलगी. तिचे बावरणे हा काव्यसंकेत नव्हता. रखमाबाईंचा अकराव्या वर्षी झालेला विवाह, पतीकडे नांदण्यास त्यांनी दिलेला नकार, १८८४ मध्ये मुंबईत उभा राहिलेला दावा, १८८७ मध्ये नांदायला जा अथवा तुरुंगात जा असा झालेला हुकूम आणि १८८८ मधील तडजोड, यांनी सारा महाराष्ट्र ढवळून निघाला होता. १८९० मध्ये बंगालमध्ये फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या शरीरसंबंधामुळे मरण पावली आणि १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्याने दहाची मर्यादा बारावर आली. फुलमणीच्या बाबतीत वर आणि मृत्यू यांत रूपकाचेही अंतर नव्हते. ‘नववधू’ या घटनांवर लिहिली गेली असे येथे सुचवावयाचे नाही. मुद्दा इतकाच की, ज्या समाजात वधूचे थरथरणे अक्षरशः खरे होते त्या समाजातील कवीलाच मृत्यूपुढील थरथर सांगण्यासाठी हे रूपक इतक्या सहजतेने हाती लागले. रूपकाचे बळ त्या मुलींच्या अनुभवातून आलेले आहे. ‘जीव-शिव’ हा अर्थ त्यावर उभा आहे. खालचा मजला पाडून वरचा राहत नाही.

याच रूपकात एक अडचणही आहे, ती झाकून ठेवू नये. सासर हेच खरे घर, हे वाक्य परमार्थात सांत्वन असेल. लग्नघरात ते मुलीची तोंडबंदी करणारे ठरते. भय आणि लाज हरण्याचे काम ज्याचे भय वाटते त्याच्यावरच सोपवण्यात आले आहे, हेही खरे. तांब्यांनी स्वतःच्या आवाजात मृत्यूविषयी लिहिले तेव्हा ते निराळे दिसतात. लोक पळभर हळहळतील आणि आपापल्या कामाला लागतील, हे सांगणाऱ्या त्यांच्या प्रसिद्ध गीतात ना वर आहे ना वधू; एक निर्मम, काहीशी कठोर समज आहे. ‘पळभर’ ही जाणीव दोन्हीकडे समान, पण पुरुष-निवेदक ती जगाविषयी बोलतो आणि वधू स्वतःच्या अश्रूंविषयी. निवेदक स्त्री झाला की मृत्यूचा वर होतो आणि कठोरतेची जागा विनवणी घेते.

६

मग स्त्रियांनी स्वतः हा प्रसंग कसा बोलून दाखवला? मराठी परंपरेत याचे सर्वांत तीव्र उदाहरण कान्होपात्रेचे. मंगळवेढ्याच्या गणिकेची ही देखणी मुलगी. बिदरच्या बादशहाचे बोलावणे आल्यावर तिने पंढरपुरी विठ्ठलाच्या पायांशी देह ठेवला, अशी संतचरित्रांतील कथा आहे. तरुणी, तिच्यावर हक्क सांगणारा पुरुष, आणि देवाच्या रूपात समोर आलेला मृत्यू, असे प्रणयकथेचे सारे साहित्य येथे हजर आहे. परंतु तिच्या नावावरील विख्यात अभंगात विठ्ठलाला प्रियकर म्हणून हाक नाही. वाघाच्या जबड्यात सापडलेल्या पाडसाची उपमा देऊन ती जननी विठाबाईला साद घालते. देहाचा मोबदला मागणाऱ्या जगात वाढलेल्या स्त्रीला अखेरच्या क्षणी आणखी एक पुरुष नको होता. तिला आई हवी होती.

स्त्रिया देवाला पती मानत नाहीत असे नाही. बाराव्या शतकातील कन्नड वचनकार अक्कमहादेवी चन्नमल्लिकार्जुनाला पती म्हणते. पण का म्हणते? तो मरत नाही, कुजत नाही म्हणून. मरणारे, नासणारे पती तिला चुलीत घालण्याच्या लायकीचे वाटतात. म्हणजे तिचा वर हा मृत्यू नव्हे, मृत्यूचा अभाव आहे.

जात्यावरच्या ओव्यांत मरण वारंवार येते, विशेषतः ‘अहेव मरणा’ची इच्छा. सवाष्ण गेलेल्या बाईला हिरवे लुगडे, चोळी, बांगड्या, मळवट, ओटी अशी नवरीसारखी सजवण्याची रीत महाराष्ट्रात आहे. प्रेत नवरी होते, तरी नवरदेव म्हणून मृत्यू तेथे अवतरत नाही. मागे राहणारा कुंकवाचा धनी तोच नवरा. अहेव मरणाच्या इच्छेमागे वैधव्याच्या हालांची दहशत आहे, हे विसरून तिच्यातले सौंदर्य पाहणे बरे नव्हे. आणि शेवटचे लुगडे येते ते माहेरचे. भावाने ते आणावे ही आस आहे. जाताना पाठवणी होते ती माहेराकडून, आणि जिवाला सोबत हवी असते तीही माहेराचीच. संतांच्या रूपकाशी हे जुळते, तांब्यांच्या रूपकाशी नाही. बहिणाबाई चौधरी यांनी जगणे आणि मरणे यांत एका श्वासाचे अंतर मोजले. ज्या बाईने सासरी नांदण्याचे कारण लेकीला माहेर असावे एवढेच सांगितले, तिला मृत्यूच्या प्रणयाचा मोह पडला नाही.

एमिली डिकिन्सन या अमेरिकन कवयित्रीचा दाखला येथे अपवाद म्हणून पुढे येईल. सुमारे १८६३ मध्ये लिहिलेल्या तिच्या कवितेत मृत्यू सभ्य गृहस्थासारखा बग्गी घेऊन येतो, तिला बरोबर घेतो. शाळा, शेते, मावळता सूर्य यांवरून बग्गी जाते आणि जमिनीतून किंचित वर आलेल्या एका घरापाशी थांबते. येथे स्त्री मृत्यूबरोबर जाते, पण सारे सांगते तीच, तेही शतकांनंतर, निर्विकार सुरात. मृत्यूला एकही वाक्य दिलेले नाही. १८९० मध्ये, कवयित्रीच्या निधनानंतर चार वर्षांनी, ही कविता प्रथम छापली गेली तेव्हा संपादकांनी तिला शीर्षक जोडले आणि एक कडवे गाळले. गाळलेल्या कडव्यात तिच्या अंगावरचे तलम, अपुरे वस्त्र आणि दवाने भरलेली कापरी थंडी आहे. प्रणयाची सहल सुखाची वाटावी म्हणून की काय, वधूचे कुडकुडणे तेवढे वगळले गेले. ते कडवे १९५५ च्या आवृत्तीत परत आले.

आपल्याकडे ‘नववधू’तील थरथर कोणी गाळलेली नाही, ती छापील पानावर आणि गायल्या जाणाऱ्या चालीतही आहे. वर्गात मात्र ‘वधू म्हणजे जीव’ हे समीकरण मांडल्यानंतर ती कोणाची थरथर हे विचारावयाचे राहून जाते. पदव्युत्तर वर्गात या कवितेबरोबर कान्होपात्रेचा अभंग, तुकोबांची मागे वळून पाहणारी लेक आणि सावित्री-यम संवादातील सात पावलांचा भाग एकत्र वाचून घेता येईल. चारही ठिकाणी एक स्त्री, अथवा स्त्रीच्या भूमिकेतील जीव, उंबरठ्यावर आहे. तिला कोणाकडे जायचे आहे, मागे कोण आहे आणि तिला काय विचारण्यात आले, ही पृच्छा विद्यार्थ्यांनी संहितेतूनच करावी. तांब्यांच्या वधूला कोणी काही विचारल्याचे कवितेत नाही. तिला बोलावणे आलेले आहे.